सह्याद्रीत एमटीबी: आधी सायकलीवरचे आकडे वाचा, मग वाट धरा

जाड टायर, पुढे सस्पेन्शन, दोन्ही चाकांना डिस्कब्रेक आणि फ्रेमवर मोठ्या अक्षरांत ‘एमटीबी’ (माउंटन बाइक, म्हणजे डोंगरवाटांची सायकल) एवढं पाहून बहुतेक जण पहिली सायकल घेतात. गावात ती छान चालते. मग एका रविवारी टेकडी चढायचं ठरतं. उतारावर चेन निसटते, मागचं चाक डुगडुगायला लागतं आणि ब्रेक दाबूनही सायकल थांबत नाही. यात चालवणाऱ्याचा दोष नसतो, आणि कित्येकदा सायकलीचाही नसतो. जे काम तिच्यासाठी नव्हतंच, त्याला तिला जुंपलेलं असतं.

पुणे, मुंबई, नाशिक, सातारा या पट्ट्यात एमटीबी सुरू करणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. माझं मत स्पष्ट आहे: पैसे खर्च करण्याआधी सायकलीवरचे आकडे वाचायला शिका, आणि वेग घेण्याआधी वाट पायी पाहून या. एवढ्यानं पैसेही वाचतात आणि हाडंही.

पहिली पायरी: आपली सायकल नेमकी कशासाठी आहे?

सायकलीबरोबर आलेली पुस्तिका उघडा, नाहीतर फ्रेमवरचा छोटा स्टिकर शोधा. बऱ्याच कंपन्या एएसटीएम या अमेरिकी मानकाप्रमाणे सायकलीला १ ते ५ असा वर्ग देतात. वर्ग १ म्हणजे फक्त डांबरी रस्ता. वर्ग २ मध्ये खडीचे आणि बऱ्यापैकी कच्चे रस्ते येतात, उडी किंवा पायरी १५ सेंटिमीटरपर्यंत. खरी डोंगरवाट वर्ग ३ पासून सुरू होते. तिथे दगडधोंडे, मुळं आणि ६१ सेंटिमीटरपर्यंतची पायरी गृहीत धरलेली असते. वर्ग ४ आणि ५ नवख्यानं तूर्त सोडून द्यावेत.

स्टिकर नसेल तर मागचं चाक पाहा. दात असलेल्या चकत्यांचा गठ्ठा हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) बाहेरच्या आट्यांवर फिरवून बसवलेला असेल तर ते फ्रीव्हील. हबवरच्या खाचा असलेल्या नळीवर सरकवून वरून नटानं आवळलेला असेल तर ती कॅसेट. हा फरक नावापुरता नाही. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजव्या बाजूचं बेअरिंग बरंच आत राहतं. ॲक्सलचा, म्हणजे चाक ज्यावर फिरतं त्या दांड्याचा, लांब तुकडा आधाराविना बाहेर येतो आणि दगडांवर आपटून वाकतो, कधी तुटतो. फ्रीव्हीलची सायकल कच्च्या रस्त्यावर खुशाल न्या, खडकाळ उतारावर नको.

स्वस्तातली ‘डबल सस्पेन्शन’ मात्र टाळाच. त्या किमतीत मागचा शॉक म्हणजे नुसती जड स्प्रिंग असते. चढावर ती पायातली ताकद खाते आणि उतारावर सायकल उसळवते. तेवढ्याच पैशांत फक्त पुढे सस्पेन्शन असलेली, चांगल्या ब्रेकची हार्डटेल येते. पहिली सायकल हार्डटेलच असावी.

माप घेताना दुकानदार उंची विचारतो, ते पुरेसं नाही. सायकल दोन पायांत धरून उभे राहा. वरची नळी आणि जांघ यांच्यात चार बोटं तरी जागा हवी, कारण वाटेवर घाईनं पाय टेकावा लागतो तेव्हा तीच कामी येते. मग पेडलवर उभं राहून थोडी चालवून बघा. हँडल गुडघ्याला लागत असेल तर फ्रेम लहान आहे.

दुसरी पायरी: कुठला भाग कुठे बसतो

नवख्यांचे सर्वाधिक पैसे वाया जातात ते इथे. भाग चांगला असतो, पण आपल्या सायकलीवर बसत नाही. खरेदीआधी घरी बसून आकडे टिपून ठेवा.

टायरच्या कडेला ५७-५८४ असा आकडा छापलेला असतो. पहिला टायरची रुंदी सांगतो, मिलिमीटरमध्ये. दुसरा रिमवर टायर बसतो तिथला व्यास. २६ इंची एमटीबी म्हणजे ५५९, साडेसत्तावीस इंची म्हणजे ५८४, एकोणतीस इंची म्हणजे ६२२. इंचांवर विसंबू नका. आपल्याकडच्या साध्या सायकलींचं २६ × १ ३/८ हे मापही ‘सव्वीस’ म्हणूनच ओळखलं जातं, पण त्याचा व्यास ५९० आहे. ‘काळा घोडा’ म्हणतात त्या जुन्या सायकलीचं २८ × १ १/२ म्हणजे ६३५. गावातल्या दुकानात ‘सव्वीसचा टायर द्या’ म्हटलं तर भलताच हातात पडू शकतो. ५५९ किंवा ५८४ असं सांगा, आणि ट्यूब नेहमी घरूनच न्या.

व्हॉल्व्हचाही असाच घोळ असतो. मोटारसायकलीसारखा जाड व्हॉल्व्ह तो श्रेडर, बारीक आणि टोकाला छोटा नट असलेला तो प्रेस्टा. श्रेडरसाठी रिमला साडेआठ मिलिमीटरचं भोक असतं, प्रेस्टासाठी साडेसहाचं. बारीक भोकात जाड व्हॉल्व्ह जात नाही, आणि भोक मोठं करत बसू नका. रिम कमजोर होते. तुमचा व्हॉल्व्ह प्रेस्टा असेल तर पितळी ॲडॅप्टर जवळ ठेवा. रुपयांत बघितलं तर ती क्षुल्लक वस्तू आहे, पण तिच्यामुळे महामार्गावरच्या कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते.

चाक बदलायचं असेल तर ॲक्सल पाहा. जुन्या आणि साध्या सायकलींत पुढे १०० आणि मागे १३५ मिलिमीटर रुंदीचं क्विक रिलीज (हातानं सोडता-आवळता येणारा बारीक ॲक्सल) असतं. नंतर मागे १२ मिलिमीटर जाडीचा आरपार ॲक्सल आणि १४२ रुंदी आली. आजच्या बऱ्याच एमटीबींवर बूस्ट मापं दिसतात, पुढे ११० आणि मागे १४८. क्विक रिलीजच्या फ्रेमला बूस्टचं चाक लागत नाही. मित्राकडचं ‘जवळपास नवं’ चाक स्वस्तात मिळतंय म्हणून घ्यायला धावू नका, आधी फूटपट्टी लावा.

आता गिअर. तीन वस्तू एकाच कुळातल्या असाव्या लागतात: हँडलवरचा शिफ्टर, मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) आणि कॅसेट. शिफ्टरची प्रत्येक टिकटिक ठरावीक केबल ओढते, आणि तेवढ्या केबलवर डिरेलर किती सरकतो हे कंपनी ठरवते. शिमानो या कंपनीच्या ७, ८ आणि ९ गिअरच्या एमटीबी डिरेलरांचं गणित एकच आहे. त्यामुळे ८ चा डिरेलर आणि ९ चा शिफ्टर एकत्र चालतात. १० गिअरपासून हे गणित बदललं, म्हणून ९ च्या डिरेलरला १० चा शिफ्टर लावला की गिअर मधल्यामध्ये लटकतात. स्रॅम या दुसऱ्या कंपनीचं गणित तिसरंच, आणि शिमानोनं २०२३ मध्ये आणलेल्या क्यूज मालिकेचं पुन्हा वेगळं. दोन कंपन्यांचे शिफ्टर आणि डिरेलर एकत्र बसवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

नेहमी विचारला जातो तो प्रश्न असा: पुढे तीन आणि मागे सात अशा सायकलीला पुढे एक, मागे दहा करता येईल का? येईल, पण खर्चाचा हिशेब करा. मागे फ्रीव्हील असेल तर हबच बदलावा लागेल, म्हणजे पर्यायानं चाक. त्यावर कॅसेट, चेन, डिरेलर, शिफ्टर आणि पुढची चकती. एवढ्या पैशांत सायकल विकून वरची घेणं शहाणपणाचं. पण तुमच्याकडे ८ किंवा ९ गिअरची कॅसेट असलेली शिमानो पद्धतीची हब असेल, तर १० ची ११-४६ दातांची कॅसेट त्याच नळीवर बसते आणि हबचा खर्च वाचतो. सह्याद्रीच्या चढावर मागचा ४६ दातांचा गिअर पायांना फार जपतो, म्हणून हा बदल मी आवर्जून सुचवतो. फक्त नवा डिरेलर तेवढे दात झेपवणारा आहे ना, हे कंपनीच्या माहितीपत्रकात पाहून घ्या. शिमानोच्या १२ गिअरच्या ज्या कॅसेटला १० दातांची सर्वांत लहान चकती असते, तिला मायक्रो स्प्लाइन हब लागतो. स्रॅमच्या १० दातांच्या कॅसेटला एक्सडी हब. हे दोन्ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

चेनही गिअरांच्या संख्येप्रमाणे अरुंद होत जाते. ८ गिअरची बाहेरून साधारण ७.१ मिलिमीटर, १० ची ५.९ आणि १२ ची ५.३. जाड चेन अरुंद कॅसेटमध्ये शेजारच्या चकतीला घासते. चेन मोजायची पट्टी विकत घ्या. १० गिअरपर्यंत ०.७५ टक्के ताण दिसला की चेन बदला, ११ आणि १२ ला ०.५ टक्क्यावरच. लाल मातीत आणि पावसात चेन लवकर झिजते. ती वेळेत बदलली तर कॅसेट वाचते, आणि कॅसेट चेनच्या कितीतरी पट महाग असते.

ब्रेकच्या बाबतीत चूक परवडत नाही. शिमानो आणि टेक्ट्रोच्या हायड्रॉलिक ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असतं, स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकमध्ये डॉट ५.१ हे वेगळं ब्रेकचं तेल. एकाच्या जागी दुसरं भरलं की आतली रबरी सीलं फुगतात आणि ब्रेक निकामी होतो. लिव्हरवर कुठलं ऑइल ते लिहिलेलं असतं. मेकॅनिकनं बाटली उघडण्याआधी स्वतः वाचा. रोटर (डिस्कब्रेकची चकती) दोन पद्धतीनं बसतात, सहा स्क्रूंनी किंवा मधल्या एका रिंगनं; हबवर जी पद्धत असेल तोच रोटर घ्या. १६० मिलिमीटरचा रोटर काढून १८० चा लावायचा असेल तर कॅलिपरखाली (पॅडनं रोटर पकडणाऱ्या भागाखाली) ॲडॅप्टर लागतो, आणि फोर्कला (पुढच्या चाकाच्या चिमट्याला) तेवढा रोटर चालतो का हेही पाहावं लागतं. आणखी एक बारीक गोष्ट: स्वस्त रोटरवर ‘फक्त रेझिन पॅड’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ कोरलेली असते. पावसाळ्यात रेझिन पॅड चिखलामुळे भराभर झिजतात, म्हणून लोक मेटल पॅड लावतात. पण या रोटरवर मेटल पॅड लावले तर रोटरच खरवडला जातो. मेटल पॅड हवे असतील तर रोटरही तसाच घ्या.

फोर्क बदलताना वरच्या दांड्याचा आकार पाहा. सरळ दांडा सगळीकडे २८.६ मिलिमीटरचा असतो. निमुळता दांडा खाली जवळजवळ दीड इंच होतो आणि सरळ नळीच्या फ्रेममध्ये जात नाही. १०० मिलिमीटर प्रवासासाठी (फोर्क जास्तीत जास्त दबतो त्या अंतरासाठी) बनलेल्या फ्रेमला १४० चा फोर्क लावू नका. पुढची बाजू उचलली जाते, चढावर सायकल भरकटते आणि फ्रेमच्या मानेवर, म्हणजे फोर्क फ्रेममध्ये बसतो त्या जोडावर, नको तेवढा ताण येतो.

बाकीचं थोडक्यात. सीटपोस्टचा (सीटखालच्या दांड्याचा) व्यास त्यावरच कोरलेला असतो, २७.२, ३०.९ किंवा ३१.६, अर्ध्या मिलिमीटरचाही फरक चालत नाही. त्यावरची किमान खोलीची रेघ फ्रेमच्या आतच राहिली पाहिजे. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, म्हणून ते ‘बसत नाही’ असं वाटून जोर लावू नका. डिरेलर ज्या छोट्या पातळ पट्टीवर लटकतो तो हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि पडल्यावर सगळ्यात आधी तोच वाकतो. सायकल घेतानाच एक जादा हँगर मागून घ्या. नंतर शोधायला गेलात तर आठवडे जातात.

तिसरी पायरी: पैसे कुठे घालायचे

हेल्मेट सर्वांत आधी. आत ईएन १०७८ (युरोपीय) किंवा सीपीएससी (अमेरिकी) असा सुरक्षा मानकाचा शिक्का आहे का ते पाहा. मोटारसायकलीचं हेल्मेट घालून चढ चढलात तर डोकं तापून जीव घाबरा होईल. डोंगरासाठी मागचा भाग खालपर्यंत झाकणारं हेल्मेट घ्या. पट्टा हनुवटीखाली दोन बोटं जातील इतकाच सैल ठेवा. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बाद समजा; आतला फोम एकदाच दबतो.

मग पूर्ण बोटांचे हातमोजे, कारण पडताना माणूस हातच टेकतो. करवंदाच्या आणि घाणेरीच्या जाळ्या डोळ्यांच्या उंचीवर येतात, म्हणून साधा पारदर्शक चष्मा. गुडघ्याची पॅड. सपाट पेडल आणि चपट्या तळव्याचे बूट. क्लीट लावून पाय अडकवण्याची घाई करू नका. अवघड जागी पाय पटकन टेकता येणं हीच सुरुवातीची सर्वांत मोठी सुरक्षितता आहे.

पाठपिशवीत दोन ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, छोटा पंप, ॲलन कीचा जुडगा, चेन तोडायचं हत्यार, आपल्या गिअरसंख्येची एक क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची सुटी कडी), ठिगळं आणि डक्ट टेप.

सायकलीवर पहिला खर्च टायरचा करा. मूळ टायर बहुधा कमी खाचांचे असतात. मुरमाड उतारावर चांगल्या टायरनं जो फरक पडतो तो महागड्या डिरेलरनं पडत नाही. रिम आणि टायर दोन्ही ट्यूबलेससाठी बनलेले असतील तर ट्यूबलेस करून घ्या. आपल्या टेकड्यांवर बाभळीचे काटे इतके पसरलेले असतात की ट्यूबवाल्याचा अर्धा वेळ पंक्चर काढण्यात जातो. ट्यूबलेस टायरमधलं भोकं बुजवणारं सीलंट उन्हाळ्यात वाळतं. दर दोन-तीन महिन्यांनी टायर हलवून आत द्रव खळखळतो का ते ऐका.

चौथी पायरी: घरी करायची तयारी

हवेचा दाब हा फुकटातला सर्वांत मोठा बदल आहे. टायरवर ६५ पीएसआय छापलेलं असतं म्हणून लोक तेवढी हवा भरतात. ती कमाल मर्यादा आहे, शिफारस नव्हे. दगडासारखा टणक टायर खडकावर उसळतो आणि पकड सोडतो. साधारण ६५ ते ७५ किलो वजन, २.२ किंवा २.३ इंची टायर आणि आत ट्यूब असेल तर मागे ३० ते ३२ आणि पुढे २७ ते २९ पीएसआयपासून सुरुवात करा. दगडावर आपटून ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडत असतील तर दोन-तीनानं वाढवा. ट्यूबलेसला आणखी तीन-चार कमी चालतं.

हवेचा फोर्क असेल तर तुम्ही पूर्ण सामानासह सायकलीवर बसल्यावर तो किती दबतो ते मोजा. १०० मिलिमीटरच्या फोर्कला १५ ते २० मिलिमीटर दबणं योग्य.

ब्रेकचे पॅड नवे असतील तर मोकळ्या रस्त्यावर ताशी साधारण २० किलोमीटरच्या वेगापासून चालण्याच्या वेगापर्यंत हळू करा, चाक लॉक न करता. हे प्रत्येक ब्रेकला वीसेक वेळा. त्याशिवाय नवे पॅड पकडत नाहीत. चेनला तेल देताना रोटरवर थेंब उडू देऊ नका आणि फवाऱ्याचं तेल तर वापरूच नका. पुढचा ब्रेक कुठल्या हाताला आहे हेही एकदा पक्कं करून घ्या. वेगवेगळ्या सायकलींवर तो वेगवेगळ्या बाजूला असतो, आणि उसनी सायकल घेऊन उतारावर गेलेल्याला हे फार उशिरा कळतं.

निघण्याआधी दर वेळी ॲक्सल घट्ट आहेत का, हँडल चाकाशी सरळ आहे का, दोन्ही ब्रेक कडक लागतात का, आणि पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवल्यावर फ्रेमची मान खटखट करते का, एवढं बघाच.

पाचवी पायरी: मैदानात सराव

टेकडीवर जाण्याआधी शाळेचं मैदान पुरे. पेडल आडवी सपाट ठेवून उभं राहा, कोपर बाहेर, गुडघे सैल, नजर चाकावर नव्हे तर पुढे पाच-सात मीटरवर. उतारावर सीट खाली करा. ब्रेक एका बोटानं, दोन्ही एकदम, आणि वळणाच्या आधी. वळणात शिरल्यावर पुढचा ब्रेक जोरात दाबला की मुरमावर चाक निसटतं. खरी थांबवण्याची ताकद पुढच्या ब्रेकमध्येच असते, म्हणून त्याला घाबरून नुसता मागचा दाबत राहण्याची सवय लावून घेऊ नका. मागचं चाक घसरत जातं, सायकल थांबत नाही आणि वाटेवर चर पडतात, ज्यात पुढच्या पावसाचं पाणी वाहतं.

चढावर गिअर चढ लागण्याआधीच हलका करा. जोर लावलेला असताना गिअर बदलला तर चेन तुटू शकते.

सहावी पायरी: कुठे चालवायचं

परदेशातल्या बाइक पार्कमध्ये वाटांना हिरवा, निळा, काळा असे रंग दिलेले असतात आणि त्यावरून अवघडपणा कळतो. आपल्या टेकड्यांवर असे फलक नाहीत. म्हणून नवी वाट पहिल्यांदा पायी पाहावी, निदान उताराचा टप्पा तरी. आपल्याकडच्या बहुतेक वाटा मुळात गुरांच्या, गवत-लाकूड आणणाऱ्यांच्या आणि देवळाला जाणाऱ्यांच्या आहेत. सायकलवाला तिथे पाहुणा आहे.

पुण्यात सुरुवात वेताळ टेकडीच्या परिसरापासून होते. शहरातली ही सर्वांत उंच टेकडी. वर रुंद, मुरमाड आणि बऱ्यापैकी सपाट वाटा आहेत, आणि पाषाण, गोखलेनगर, विधी महाविद्यालय अशा अनेक बाजूंनी वर येता येतं. पण सकाळी सहा ते नऊ ती चालणाऱ्यांची असते. त्यात म्हातारी माणसं खूप. जुन्या खाणीच्या काठाला तर जाऊच नका. टेकडीचा बराच भाग वनखात्याचा आहे. फाटकावर सायकलीबद्दल आणि वेळांबद्दल जे लिहिलं असेल ते पाळा. तळजईच्या पाचगाव-पर्वती वनातही हेच लागू. चालणाऱ्याला मागून आवाज द्या, वेग पावलांइतका करा, अरुंद जागी उतरा. चार जणांनी सुसाट उतरून दाखवलं की सगळ्यांनाच बंदी होते, आणि मग त्यात नियम पाळणाराही भरडला जातो.

पुढचा टप्पा म्हणून बोपदेव घाट चढून कानिफनाथकडे जाता येतं. घाट डांबरी आहे, पण वर पुरंदरच्या बाजूचं मोकळं माळरान आणि शेतांमधले कच्चे रस्ते नवख्यासाठी उत्तम. शेतातून वाट जात असेल तर बांधावरच्या माणसाला विचारा. ‘काका, इकडून गेलं तर चालेल का?’ एवढं विचारल्यावर नाही म्हणणारे फार थोडे, आणि पुढे कुठे कुत्री आहेत, कुठे ओढा भरलाय हेही तेच सांगतात.

मावळात मळवलीहून भाजे, तिथून लोहगड आणि विसापूर यांच्यामधल्या गायमुख खिंडीपर्यंतचा चढ पायांची चांगली परीक्षा घेतो. पुढे पवना धरणाच्या बाजूला उतरलात तर तुंग आणि तिकोना समोर ठेवून गावागावांतले रस्ते धरता येतात. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी इथे गाड्यांची रांग असते. आठवड्यातल्या मधल्या दिवशी जमलं तरच जा. सिंहगडाचा डांबरी घाट चढण्याचा सराव म्हणून चांगला; आतकरवाडीची पायवाट मात्र चालणाऱ्यांसाठीच राहू द्या.

मुंबईकरांना संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मुख्य फाटकापासून कान्हेरीपर्यंतचा रस्ता आहे. तो डांबरी आहे, पण चढउतारांची ओळख होते. त्या रस्त्याबाहेर जंगलात शिरायला वनखात्याची परवानगी लागते, आणि ती तशीच लागली पाहिजे. येऊरच्या बाजूनंही जंगल तेच, बिबटेही तेच. पहाटेचा आणि संध्याकाळचा अंधार टाळा.

नाशिकजवळ अंजनेरीच्या पायथ्याचे रस्ते सुंदर आहेत. वरचं पठार दुर्मीळ वनस्पतींचं घर आहे, तिथे चाक नेऊ नका. हीच गोष्ट कासची. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारशाच्या यादीत गेला त्यात कासही आहे. पठारावरचा मातीचा थर बोटभर असतो आणि फुलं त्यातच उगवतात. ओल्या थरातून गेलेली टायरची एक रेघ वर्षानुवर्षं भरून येत नाही. कोकणातल्या सड्यांवर (जांभ्याच्या उघड्या पठारांवर) आणखी एक भान लागतं: रत्नागिरी-राजापूर भागातल्या जांभ्यावर कातळशिल्पं कोरलेली आहेत आणि त्यातली कित्येक उघड्यावर, कुंपणाविना आहेत. युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत ती २०२२ मध्ये आली. सड्यावर सपाट मोकळा कातळ दिसला की त्यावरून सायकल फिरवायचा मोह होतोच. आधी उतरून पायाखाली बघा.

सातवी पायरी: ऋतू आणि धोके

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सर्वांत चांगला काळ. पावसाळा देखणा असतो, पण शेवाळलेल्या काळ्या कातळावर कुठलाच टायर पकड धरत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये उतार सोडा, रुंद कच्च्या रस्त्यांवर समाधान माना. घाटात दरडी कोसळतात. ओढ्याला गढूळ पाणी असेल तर सायकल खांद्यावर घेऊनही ओलांडू नका, वरच्या डोंगरात पडलेला पाऊस अर्ध्या तासानं खाली येतो. पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात वाटांवर घसारा (पायाखाली सरकणारी सुटी खडी-माती) मोकळा झालेला असतो, तोही फसवा.

मार्च ते मे या काळात ऊन पडायच्या आत परत या. दोन तासांच्या फेरीला दोन लिटर पाणी कमी पडतं. त्यात मीठ, साखर, लिंबू घाला. डोकं दुखायला लागलं, घाम थांबला, बोलणं अडखळलं तर तो उष्माघात. सावलीत न्या, कपडे ओले करा, वारा घाला, दवाखाना गाठा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

आग्या मोहोळ कड्यांवर आणि उंच झाडांवर असतं. तिथे थांबू नका, धूर करू नका, उग्र वासाचं अत्तर लावून जाऊ नका. माशा उठल्या तर हात न झाडता तोंड झाकून लांब पळा. साप दिसला तर थांबून त्याला जाऊ द्या. दगडांच्या बेचक्यात हात टेकू नका, कोकणात फुरसं अगदी तिथेच बसतं. चावला तर कापणं, चोखणं, दोरीनं आवळणं यातलं काहीही करू नका. तो अवयव हलणार नाही असा ठेवा आणि सापावरची लस असलेल्या सरकारी रुग्णालयात न्या. मागे लागलेल्या कुत्र्यांपुढे वेग वाढवणं चुकीचं. उतरा, सायकल मधे धरा, शांतपणे चालत राहा.

एकटे जाऊ नका. नवख्यांनी तीन जणांत जावं, म्हणजे एकाला लागलं तर एक जवळ थांबतो आणि एक मदत आणतो. कुठल्या वाटेनं जाणार आणि किती वाजता परतणार हे घरी लिहून ठेवा. नकाशा मोबाइलवर आधीच उतरवून घ्या. ११२ हा क्रमांक तुमच्या कंपनीचं नेटवर्क नसलं तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागू शकतो, रुग्णवाहिकेसाठी १०८.

पडल्यावर काय करायचं

आधी वाट मोकळी करा, मागून कुणी येत असेल तर त्याला वर जाऊन थांबवा. मान किंवा पाठ दुखते म्हणणाऱ्याला उठवून बसवू नका. हेल्मेट आपटलेलं असेल तर त्याला दिवस, जागा, सोबत्यांची नावं विचारा. गोंधळ, उलटी, झोप येणं, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं यातलं काही दिसलं तर त्या दिवशी त्यानं सायकल चालवायची नाही, कितीही ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी. त्याला एकटं सोडायचं नाही आणि डॉक्टरांना दाखवायचंच.

हात टेकून पडल्यावर मनगट किंवा गळ्याजवळचं हाड मोडणं हे या खेळात नेहमीचं. हात छातीशी धरून जादा ट्यूब गळ्यात अडकवली की झोळी तयार होते. अंगठ्याच्या मुळाशी दाबल्यावर दुखत असेल तर सूज कमी असली तरी एक्सरे काढा; तिथलं छोटं हाड मोडलेलं पहिल्या एक्सरेत कधी कधी दिसत नाही, म्हणून दुखणं राहिलं तर आठवडा-दहा दिवसांनी पुन्हा दाखवा.

माणूस ठीक असेल तर सायकल पाहा. मागून बघितल्यावर डिरेलर चाकाशी सरळ आहे का? वाकला असेल तर सर्वांत हलक्या गिअरला लावू नका, तो आऱ्यांत जाऊन चाकच मोडतो. ब्रेक लिव्हर दाबून बघा, तेल गळतंय का पाहा, हँडल सरळ करा, फ्रेमच्या जोडांवर रंगाला तडा आहे का बघा. तडा दिसला तर सायकल ढकलत खाली आणा, चालवू नका.

घरी आल्यावर चिखल सुकायच्या आत साध्या पाण्यानं आणि फडक्यानं धुवा. गाड्या धुण्याच्या जोरदार फवाऱ्यानं हब आणि क्रँकच्या (पेडलच्या दांड्यांच्या) बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं. चेन कोरडी करून प्रत्येक कडीला एक थेंब तेल द्या, पाच मिनिटांनी वरचं पुसून टाका, आणि पुढच्या वेळी लागणारी ट्यूब, ठिगळं आणि क्विक लिंक त्याच दिवशी पिशवीत परत भरा.